विमानाचे माइल्स कुठल्या खात्यात टाकायचे?

गेल्या दिवाळीत आत्याने फराळाच्या ताटाशेजारी एक खाकी पाकीट ठेवलं. आत बोर्डिंग पास होते. काही जाड पुठ्ठ्याचे, काही घड्या पडलेले प्रिंटआउट, दोनतीनांवरची शाई पार उडालेली. २०१५ पासून लेकीकडे शिकागोला तिच्या पाच वाऱ्या झाल्या, त्या सगळ्या त्या पाकिटात होत्या. "याचे म्हणे माइल्स मिळतात. माझे कुठे गेले ते बघ ना गं," ती म्हणाली.

शोधले. माइल्स म्हणजे विमानप्रवासाबद्दल खात्यात साठणारे गुण, पुरेसे झाले की त्यांवर तिकीट निघतं. ही खाती विमान कंपन्यांच्या सदस्य-योजनांमध्ये, म्हणजे क्लबांमध्ये असतात. चार कंपन्यांच्या क्लबांमध्ये तिची चार खाती निघाली. तीन शून्यावर आणि चौथ्यात अकराशे माइल्स. मुंबई-शिकागो जाऊन-येऊन म्हणजे साधारण १६,८०० मैलांचा प्रवास, तो पाच वेळा, आणि हाती अकराशे. यात कुणी फसवलं नव्हतं. दर वेळी जी कंपनी स्वस्त पडली तिचं तिकीट काढलं, वेबसाइटने 'सदस्य व्हा' म्हटलं आणि जावयाने तिथल्या तिथे नवीन खातं उघडून दिलं. थोडे माइल्स इथे, थोडे तिथे. कुठेच कशाला पुरतील इतके झाले नाहीत आणि पुढच्या वारीपर्यंत त्यांची मुदत संपत गेली.

आपल्याकडे आता घरटी कुणीतरी परदेशात आहे. आईबाबा दोन वर्षांतून एकदा जातात, नातवंडं सुट्टीत येतात. तिकिटाला लाख-सव्वा लाख मोजणारी माणसं त्यातून परत मिळणारी गोष्ट सोडून देतात, कारण ती समजावून सांगायला कुणी नसतं. मला याचं खरोखर वाईट वाटतं, म्हणून सविस्तर लिहितेय.

सगळ्यात आधी एक गैरसमज काढून टाकू. ज्या कंपनीच्या विमानात बसलात तिच्याच क्लबात माइल्स जमा करायचे, असं बंधन नाही. चेक कुठल्याही बँकेचा असो, आपण तो आपल्या बँकेतल्या आपल्या खात्यात भरतो. इथेही तसंच आहे. लुफ्तान्साने मुंबईहून फ्रँकफुर्टला गेलात तर त्या उड्डाणाचे माइल्स लुफ्तान्साच्या 'माइल्स अँड मोअर'मध्ये टाकता येतात, एअर इंडियाच्या 'महाराजा क्लब'मध्ये टाकता येतात, सिंगापूर एअरलाइन्सच्या 'क्रिसफ्लायर'मध्ये किंवा अमेरिकेच्या युनायटेडच्या 'माइलेजप्लस'मध्येही टाकता येतात. अट एवढीच की एक उड्डाण एकाच खात्यात भरायचं, आणि एकदा जमा झालं की ते तिथून उचलून दुसरीकडे नेता येत नाही.

हे शक्य होतं ते कंपन्यांच्या गटांमुळे. अमेरिकन एअरलाइन्सने १ मे १९८१ रोजी आपला क्लब सुरू केला तेव्हा हिशोब साधा होता. जितके मैल उडाल तितके माइल्स खात्यात, पुरेसे साठले की फुकट तिकीट. 'माइल्स' हे नाव तेव्हापासूनचं. पुढे कंपन्यांनी हातमिळवणी केली. १९९७ मध्ये स्टार अलायन्स, १९९९ मध्ये वनवर्ल्ड, २००० मध्ये स्कायटीम. गटातल्या कुठल्याही कंपनीने उडा, माइल्स गटातल्या दुसऱ्या कंपनीच्या खात्यात चालतात. एअर इंडिया जुलै २०१४ मध्ये स्टार अलायन्समध्ये गेली. त्याच गटात लुफ्तान्सा, स्विस, युनायटेड, एअर कॅनडा, सिंगापूर, थाई, टर्किश आणि इथिओपियन आहेत. वनवर्ल्डमध्ये ब्रिटिश एअरवेज, कतार, कॅथे पॅसिफिक, जपान एअरलाइन्स, अमेरिकन, क्वांटास. स्कायटीममध्ये एअर फ्रान्स, केएलएम, डेल्टा, व्हर्जिन अटलांटिक. एमिरेट्स, एतिहाद आणि आपली इंडिगो यांपैकी कुठल्याच गटात नाहीत. त्यांचे वेगवेगळ्या कंपन्यांशी सुटे करार असतात आणि ते दर वेळी तपासावे लागतात. दोन कंपन्या एकमेकींची तिकिटं विकतात म्हणजे माइल्सही देतात, असं मुळीच धरून चालू नये.

आता आत्याच्या पाकिटातला एक बोर्डिंग पास हातात घेऊ. नाव, तारीख, उड्डाण क्रमांक, सीट एवढं आपण वाचतो. त्याच कागदावर एक एकटं इंग्रजी अक्षर असतं, क्यू, के, एल, एम असं काहीतरी. तो बुकिंगचा वर्ग. इकॉनॉमी म्हणून आपण एकच डबा समजतो, पण कंपनीच्या लेखी त्याच डब्यात दहा-बारा वर्ग असतात. शेजारी बसलेल्या माणसाने वाय वर्गाचं महागडं तिकीट काढलेलं असेल आणि आपण के वर्गाचं सवलतीचं. जेवण तेच, सीटही तीच, माइल्स मात्र वेगळे. प्रत्येक क्लबाचा प्रत्येक भागीदार कंपनीसाठी एक तक्ता असतो आणि त्यात अक्षरापुढे टक्के लिहिलेले असतात: शंभर, पन्नास, पंचवीस, आणि काही अक्षरांपुढे सरळ शून्य. एकाच अक्षराला एक क्लब पन्नास टक्के देतो तर दुसरा काहीच देत नाही. क्लब निवडण्याचा खेळ सुरू होतो तो इथून.

मुंबई-फ्रँकफुर्ट सुमारे ४,१०० मैल, फ्रँकफुर्ट-शिकागो सुमारे ४,३००. जाऊन-येऊन १६,८००. तुमच्या अक्षराला एखादा क्लब शंभर टक्के देत असेल तर १६,८०० माइल्स, पन्नास टक्के देत असेल तर ८,४००, पंचवीस टक्क्यांना ४,२००. तिकिटाची किंमत तीच, माइल्स चौपट किंवा पावपट. हा तक्ता प्रत्येक क्लबाच्या वेबसाइटवर असतो. सगळ्यांची तुलना एका जागी करून देणारी 'व्हेअर टू क्रेडिट' नावाची साइटही आहे, तिथे कंपनी आणि अक्षर टाकलं की कुठला क्लब किती टक्के देईल ते दिसतं. मी आधी तिथे बघते आणि मग क्लबाच्या स्वतःच्या पानावर पडताळून घेते, कारण तक्ते बदलत राहतात.

हे झालं अंतरावर मिळणाऱ्या माइल्सचं. गेल्या काही वर्षांत बहुतेक मोठ्या कंपन्यांनी स्वतःच्या विमानांसाठी दुसरी पद्धत आणली आहे. अंतर नाही बघायचं, तिकिटाला किती पैसे मोजले ते बघायचं. महाराजा क्लब एअर इंडियाच्या उड्डाणांवर खर्चाप्रमाणे पॉइंट देतो. लुफ्तान्साच्या तिकिटावर माइल्स अँड मोअरही भाड्याप्रमाणे मोजतो. पण तेच उड्डाण तुम्ही क्रिसफ्लायरमध्ये टाकलं तर पुन्हा अंतर आणि अक्षर. म्हणजे एकाच प्रवासाला दोन वेगळ्या फुटपट्ट्या लागू शकतात आणि कुठली लावायची ते आपण ठरवतो. मला स्वतःला या सगळ्या भानगडीत ही सर्वांत उपयोगाची गोष्ट वाटते.

समजा आत्याचं तिकीट करबिर सोडून ९०० डॉलरचं आहे आणि एखादा क्लब डॉलरमागे ५ माइल्स देतो. झाले ४,५००. अंतरावर मोजणाऱ्या क्लबाने पन्नास टक्के दिले तरी ८,४००. जवळपास दुप्पट. आता उलट बघा. मुंबईहून दिल्लीला कामासाठी ऐन वेळी जावं लागलं, जेमतेम ७०० मैलांचं अंतर आणि तिकीट २०० डॉलरच्या घरात. पैशांवर मोजलं तर १,०००, अंतरावर मोजलं तर पूर्ण टक्के मिळूनही ७००. लांबचा स्वस्त प्रवास असेल तर अंतर मोजणारा क्लब बघावा, जवळचा महाग असेल तर पैसे मोजणारा. बहुतेक घरांतले आईबाबा पहिल्या प्रकारात मोडतात, कारण मुलं तिकीट चारचार महिने आधी, स्वस्तातलं बघून काढतात.

थोडं आणखी खोलात जायचं असेल तर तिकिटाचा क्रमांक बघा. तेरा आकडी असतो. पहिले तीन आकडे तिकीट कुठल्या कंपनीने काढलं ते सांगतात. ०९८ म्हणजे एअर इंडिया, २२० लुफ्तान्सा, ०१६ युनायटेड, ६१८ सिंगापूर, १७६ एमिरेट्स. माइलेजप्लसमध्ये टाकायचं असेल तर हे आकडे महत्त्वाचे ठरतात. तिकीट ०१६ चं असेल तर पैशांवर मोजतात, २२० चं असेल तर अंतर आणि अक्षरावर. विमान तेच, सीट तीच. कोडशेअरमध्ये तर उड्डाण क्रमांक एका कंपनीचा असतो आणि विमान दुसऱ्याच कंपनीचं. एअर इंडिया आणि लुफ्तान्सा यांच्यात तसा करार आहे. तेव्हा तिकिटावर 'विमान चालवणारी कंपनी' म्हणून कुणाचं नाव लिहिलंय ते वाचावं आणि मगच तक्ता उघडावा.

जास्त माइल्स मिळाले म्हणजे जास्त फायदा झाला, असं मात्र नाही. हजार येन आणि हजार रुपये यांत जो फरक, तोच एका क्लबाच्या हजार माइल्समध्ये आणि दुसऱ्याच्या हजार माइल्समध्ये. माइल्स हे त्या त्या क्लबाचं चलन आहे आणि त्याचा भाव आपणच काढावा लागतो. तो असा काढायचा. जे तिकीट माइल्स देऊन घ्यायचंय, त्याची आजची रोख किंमत बघा, समजा ४०,००० रुपये. पहिला क्लब म्हणतो ३०,००० माइल्स द्या आणि वर कर-अधिभाराचे १२,००० रुपये भरा. म्हणजे ३०,००० माइल्सनी तुमचे २८,००० वाचवले, माइलमागे ९३ पैसे. दुसरा म्हणतो ३५,००० माइल्स आणि ४,००० रुपये. वाचले ३६,०००, माइलमागे एक रुपया तीन पैसे. वरवर दुसरा महाग वाटतो, प्रत्यक्षात त्याचे माइल्स जास्त कामाचे. पहिल्या क्लबातून तिकीट काढणारी माणसं नंतर "फुकट तिकिटाला बारा हजार कसले?" म्हणून हैराण होतात. ते पैसे बहुतांशी विमानतळाचे कर नसतात, कंपनीने लावलेला अधिभार असतो. काही क्लब तो आपल्याकडून वसूल करतात, काही नाही. युनायटेडच्या आणि एअर कॅनडाच्या क्लबातून काढलेल्या तिकिटांवर हा अधिभार लागत नाही. लुफ्तान्साचं तिकीट तिच्याच क्लबातून माइल्स देऊन काढलं तर तो चांगलाच जाणवतो. खातं उघडण्याआधी मनातलं एक तिकीट धरून हा भागाकार एकदा करून बघा, दहा मिनिटांचं काम आहे.

मुदतीबद्दल मला जरा थांबून बोलायचंय, कारण सामान्य घरातले बहुतेक माइल्स इथेच मरतात. माझेही मेले आहेत. कामानिमित्त तीन वर्षं एका कंपनीच्या विमानांनी फिरत होते, बावीस हजारांच्या वर साठले होते. प्रकल्प संपला, फिरणं थांबलं. आईला घेऊन कुठेतरी जाऊ असं मनात ठरवून ते तसेच ठेवले. एका सकाळी खातं उघडलं तर आकडा चार हजारांवर आलेला. मुदतीची सूचना ज्या ईमेलवर येत होती तो जुन्या ऑफिसचा होता.

मुदतीचे दोन प्रकार आहेत. पहिला औषधाच्या पट्टीवरच्या तारखेसारखा. जमा झाल्या दिवशीच माइल्सवर शेवटची तारीख छापली जाते, मध्ये तुम्ही कितीही उडा, ती हलत नाही. क्रिसफ्लायर आणि माइल्स अँड मोअर यांची मुदत अशी ३६ महिन्यांची आहे. माइल्स अँड मोअरमध्ये खूप उडणाऱ्यांना मिळणारा वरचा दर्जा असेल तर त्यातून सुटका मिळते. एमिरेट्सच्या स्कायवर्ड्समध्ये माइल्स तीन वर्षं टिकतात आणि तुमच्या जन्ममहिन्याच्या अखेरीस जातात. दुसरा प्रकार बँकेतल्या निष्क्रिय खात्यासारखा. खात्यात हालचाल असेपर्यंत सगळं जिवंत, ठरावीक काळ काहीच झालं नाही तर सगळं एकदम जातं. ब्रिटिश एअरवेज आणि कतार या दोघी ज्या 'एव्हिऑस'मध्ये हिशोब ठेवतात, त्यांना ३६ महिन्यांत एक हालचाल पुरते. एअर कॅनडाच्या 'एरोप्लॅन'ला १८ महिन्यांत एक लागते. हालचाल म्हणजे विमानप्रवासच असावा लागतो असं नाही, माइल्स मिळाले किंवा खर्च झाले की बहुतेक क्लबांत ती धरली जाते. आणि तिसरं, अगदी थोड्या क्लबांत मुदतच नसते. युनायटेडने ऑगस्ट २०१९ मध्ये माइल्सची मुदत काढून टाकली.

दोन वर्षांतून एकदा जाणाऱ्या माणसाने औषधाच्या पट्टीवाल्या क्लबात खातं उघडलं तर काय होतं ते मांडून बघा. पहिल्या वारीचे माइल्स दुसऱ्या वारीपर्यंत जेमतेम टिकतात, तिसरीपर्यंत नाही. म्हणजे कायम फार तर दोन वाऱ्यांचेच माइल्स हातात, आणि तेवढ्यात तिकीट निघालं नाही तर सगळं पाण्यात. आत्याचं नेमकं हेच झालं होतं, त्यात चार ठिकाणी विभागून. अशा माणसाने टक्केवारी थोडी कमी मिळाली तरी चालेल, पण मुदत नसलेला किंवा हालचालीवर चालणारा क्लब घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. टक्क्यांच्या मागे लागून मुदत विसरणारी माणसं मी फार बघितली आहेत.

वर्षातून चारसहा वेळा उडणाऱ्यांचं गणित वेगळं. त्यांना मुदतीची भीती नसते, त्यांना दर्जा खुणावतो. क्लबात दोन प्रकारची मोजणी समांतर चालते हे इथे लक्षात घ्यावं. एक खर्च करायचे माइल्स, दुसरी दर्जा ठरवणारी मोजणी. दुसरीतले आकडे खर्च करता येत नाहीत, ठरावीक काळाने पाटी कोरी होते. स्टार अलायन्सच्या कुठल्याही क्लबात वरचा दर्जा मिळाला की गटभर 'स्टार गोल्ड' म्हणून ओळखतात. लाउंजमध्ये स्वतःबरोबर एका पाहुण्याला नेता येतं, चेक-इनची वेगळी रांग, बॅगा आधी येतात, आणि वजनावर सामान मोजणाऱ्या मार्गावर २० किलो जादा किंवा नगावर मोजणाऱ्या मार्गावर एक बॅग जादा. ज्यांनी काउंटरवर उघड्या बॅगेसमोर बसून गोडा मसाला ठेवायचा की भाजणी याचा निर्णय घेतलाय, त्यांना ही एक बॅग काय चीज आहे ते सांगायला नको.

पण तिथवर पोचायला किती उडावं लागतं? क्रिसफ्लायरला गोल्डसाठी १२ महिन्यांत दर्जाच्या मोजणीत ५०,००० माइल्स लागतात. पन्नास टक्क्यांच्या वर्गातून शिकागोची एक वारी म्हणजे ८,४००, तर वर्षात सहा वाऱ्या. घरच्या माणसांना हे जमणारं नाही आणि त्यांनी त्याचा विचारही करू नये. आयटीतली, जहाजांवरची, कंपनीच्या खर्चाने सतत हिंडणारी जी माणसं आहेत त्यांनी मात्र सगळी उड्डाणं एका खात्यात टाकून हा टप्पा गाठावा. तीन ठिकाणी विभागली तर तिन्हीकडे अर्ध्यावरच वर्ष संपतं. एक बारीक गोष्ट त्यांच्यासाठी: युनायटेडच्या स्वतःच्या क्लबातून गोल्ड झालेल्याला अमेरिकेतल्या निव्वळ देशांतर्गत प्रवासात युनायटेडचं लाउंज मिळत नाही, पण सिंगापूरच्या किंवा एअर इंडियाच्या क्लबातून तोच दर्जा मिळवलेल्याला मिळतं. अमेरिकेत आत खूप फिरणाऱ्यांनी घरच्या कंपनीबाहेरचा क्लब का निवडावा, त्याचं हे चांगलं कारण आहे.

आखातातल्या आपल्या माणसांचं प्रकरण सोपं आहे. माझा मावसभाऊ दुबईत आहे, तो आणि त्याचं कुटुंब वर्षातून दोनदा मुंबईला येतं, बहुतेक वेळा एमिरेट्सनेच. मुंबई-दुबई जेमतेम १,२०० मैल, अंतराच्या फुटपट्टीवर फारसं काही पडत नाही. एमिरेट्स गटात नसल्यामुळे पर्यायही कमी. त्याने स्कायवर्ड्सच घ्यावं आणि तिथली कुटुंबाची सोय वापरावी, ज्यात आठ जणांना जोडून घेऊन सगळ्यांचे माइल्स एका ठिकाणी साठवता येतात. चार माणसांचे माइल्स एकत्र आले की मुदतीआधी एखादं तिकीट निघतं. एरोप्लॅनमध्येही आठ जणांपर्यंत असं करता येतं, ब्रिटिश एअरवेजमध्ये सात. आईबाबा, आपण आणि मुलं वेगवेगळे उडत असाल तर क्लब निवडताना या सोयीला मी टक्केवारीपेक्षाही वरचा नंबर देईन. दर्जा मात्र ज्याचा त्याचाच राहतो, तो एकत्र होत नाही.

मी स्वतः आता क्रिसफ्लायरमध्ये आहे. वर्षातून तीनदा कामासाठी सिंगापूर होतं, त्यामुळे ३६ महिन्यांची मुदत मला पुरते. शिवाय भारतातल्या काही बँकांच्या क्रेडिट कार्डांचे पॉइंट तिथे वळवता येतात, म्हणजे तिकिटाला थोडे कमी पडले तर भर घालता येते. कार्ड हाताशी असेल तर त्याचे पॉइंट कुठल्या क्लबात जातात ती यादी आधी बघा. पुष्कळदा तीच यादी निवड करून टाकते.

क्लब ठरला, खातं उघडलं. यापुढे चुका होतात त्या कागदावर, आणि आपल्या नावांच्या पद्धतीमुळे आपल्याकडे जास्तच होतात. पासपोर्टवर पहिल्या रकान्यात आडनाव, दुसऱ्यात स्वतःचं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव. तिकिटावर दुसऱ्या रकान्यातली दोन्ही नावं सलग जोडून छापतात, वर शेवटी 'मिसेस'ही चिकटवतात. क्लबाचं खातं मात्र कुणीतरी नुसतं नाव-आडनाव घालून उघडलेलं असतं. मग यंत्राला ही दोन माणसं वेगळी वाटतात आणि माइल्स जमा होत नाहीत. आत्याच्या एका खात्यात तर माहेरचं आडनाव होतं, कारण ते उघडताना जुनी कागदपत्रं समोर होती. खातं उघडताना पासपोर्ट शेजारी ठेवा आणि अक्षर न् अक्षर तसंच टाका.

तिकीट काढताना 'फ्रिक्वेंट फ्लायर' नावाचा रकाना येतो, तिथे आधी क्लबाचं नाव निवडून मग क्रमांक घालायचा असतो. कंपनीच्या वेबसाइटवर तुम्ही तिच्या खात्यातून शिरला असाल तर ती स्वतःचा क्रमांक आपोआप भरून ठेवते, तो बदलावा लागतो. एजंटकडून तिकीट काढत असाल तर क्रमांक त्याला लिहून पाठवा, नाहीतर रकाना रिकामा राहतो. राहिलाच तर चेक-इनच्या काउंटरवर सांगता येतं. बोर्डिंग पास हातात आला की त्यावर आपल्या क्लबाचं नाव आणि क्रमांक आहे ना ते तिथेच, काउंटर सोडायच्या आधी बघा. प्रत्येक टप्प्याच्या पासवर बघा, कारण मुंबई-फ्रँकफुर्टवर बरोबर आणि फ्रँकफुर्ट-शिकागोवर कोरा, असंही होतं. आणि माइल्स खात्यात दिसेपर्यंत बोर्डिंग पास फेकू नका. दिसले नाहीत तर मागून दावा करता येतो. क्रिसफ्लायर, माइल्स अँड मोअर अशा बऱ्याच क्लबांत त्यासाठी प्रवासापासून सहा महिने मिळतात आणि तेरा आकडी तिकीट क्रमांक लागतो. काही क्लब सदस्य होण्याआधीचं उड्डाण धरत नाहीत, म्हणून खातं प्रवासाआधीच उघडलेलं बरं.

साठवून ठेवायची आपली सवय इथे नडते, तेवढं सांगते. माइल्सवर व्याज नसतं, उलट त्यांचा भाव घसरत जातो. अमुक तिकिटाला अमुक माइल्स असे ठरलेले तक्ते असायचे, ते अनेक कंपन्यांनी काढून टाकले. युनायटेडने २०१९ मध्ये काढले, आता तिथे माइल्समधली किंमत रोजच्या भाड्यासारखी वरखाली होते. आणि जेट एअरवेजचं तर आपल्या डोळ्यांसमोर झालं. १७ एप्रिल २०१९ ला तिची शेवटची उड्डाणं झाली. तिचा क्लब वेगळ्या कंपनीच्या नावावर होता, म्हणून पॉइंट वाचले आणि क्लबाचं नाव पुढे इंटरमाइल्स झालं. पण ज्या विमानांतल्या सीटसाठी लोकांनी ते पॉइंट साठवले होते, ती विमानंच उरली नव्हती. विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ ला एअर इंडियात विलीन झाली तेव्हा लोकांचे पॉइंट एकास एक या हिशोबाने पुढे आले, ते चांगलं झालं. पण दर वेळी तसंच होईल असं कुणी लिहून दिलेलं नसतं. एका तिकिटापुरते झाले की काढून टाकावं, आईबाबांना पाठवावं.

आत्याचं पाकीट आम्ही रविवारी दुपारी पुन्हा टेबलावर मांडलं. पाचपैकी तीन वाऱ्या स्टार अलायन्सच्या कंपन्यांनी झालेल्या, म्हणजे तिला नकळत एक गट आधीच ठरला होता. दोन वर्षांतून एक वारी, म्हणून मुदत नसलेला क्लब. लेक शिकागोत, आणि शिकागो हा युनायटेडचा मोठा तळ. माइलेजप्लसच्या खात्यातून दुसऱ्या कुणाचंही तिकीट काढता येतं, म्हणजे उद्या आत्याचं जाणं थांबलं तरी तिच्या माइल्सवर नात इकडे येऊ शकते. हे शेवटचं ऐकल्यावर तिने चष्मा लावला आणि पासपोर्ट आणायला आत गेली.

खातं उघडलं. पासपोर्टवर आहे तसं, तीनही नावांनिशी. एप्रिलचं तिकीट आधीच काढलेलं होतं, लुफ्तान्साचं, २२० ने सुरू होणारं. 'फ्रिक्वेंट फ्लायर'च्या रकान्यात जुनाच कुठलातरी क्रमांक होता, तो काढून नवीन घातला. आत्याने तो क्रमांक एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहिला आणि पासपोर्टच्या कव्हरमध्ये, काउंटरवर चटकन दाखवता येईल असा, वरच्या बाजूला खोचला.